आजीच्या मांडीचा दंड

तारकर्ली,
१७ नोव्हेंबर

सौ. शर्मिलाविहीणबाई यांस,

किशोरीचा नमस्कार. जाई सुखरूप पोचली हे संचिताने तुम्हाला फोनवर सांगितलंच असेल. बाकीचंही सांगितलं असेल. तरी मी वेगळं पत्र लिहिते आहे, कारण आपल्या ग्रुपवर काही लिहिलं की ते आधी माझी सून वाचते, मग माझा मुलगा, मग दोन्हीकडचे काका-मामा, आणि जिच्यासाठी लिहिलं ती सगळ्यांत शेवटी. पत्र म्हापशाला तुमच्याच हातात पडेल.

परवा इन्सुलीच्या नाक्यावर काय झालं ते माझ्याकडूनही ऐका. तुमच्या दारातून निघताना जाई तुम्ही घेतलेल्या खुर्चीत होती. पट्टे तुम्ही स्वतः लावलेत आणि ओढून पाहिलेत. खुर्ची चांगली आहे, खास मडगावहून आणलेली आहे, हे मला तुम्ही दोनदा आणि व्याह्यांनी एकदा सांगितलं. पण त्या खुर्चीत पोर तोंड मागे करून बसतं, हे मला गाडी सुटल्यावर कळलं. म्हणजे माझी नात जन्मल्यापासून पहिल्यांदा आपल्या घरी येत होती, आणि अख्खी वाट म्हापशाकडे बघत होती. मला काय वाटलं असेल ते तुम्हीच ठरवा.

पहिलं बाळंतपण माहेरी, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. रीत आहे. पण पाच महिने तुम्ही तिला न्हाऊ घातलंत, तुमच्याकडे ती पहिल्यांदा हसली, तुमच्या आवाजाला तिने मान वळवली. मी इथे पर्यटकांच्या भाकऱ्या थापताना फोन डब्याला टेकवून ठेवायची आणि पिठाचं बोट काचेला लावायची. त्या काचेवरचं पीठ अजून कोपऱ्यात अडकून आहे.

आमच्या मयेकरांच्या घरात नवीन पोर आजीच्या मांडीवर बसून गावची शीव ओलांडतं. शिवेवर नारळ ठेवायचा, देवाला गाऱ्हाणं घालायचं, मग पोर उंबऱ्याच्या आत. सुशांत माझ्या सासूच्या मांडीवरून आला, तेव्हा एसटी होती. मी बाजूला पिशवी धरून उभी होते. सून होते तेव्हा मांडी सासूची, आणि आता माझी पाळी आली तर मांडीच बेकायदेशीर झाली.

पत्रादेवीला गोव्याची हद्द ओलांडल्यावर जाई कुरकुरायला लागली. संचिता मागे दमून झोपली होती. मी सुशांतला गाडी थांबवायला लावली, जाईला खुर्चीतून काढलं आणि पुढच्या सीटवर माझ्या मांडीवर घेतलं. तो "आये, नको गो" म्हणाला, पण एकदाच म्हणाला. पुढे इन्सुलीला पोलिसाने हात केला, सुशांतने ब्रेक मारला. मी त्या साहेबांना नीट शुद्ध मराठीत सांगितलं, "साहेब, मी घट्ट धरलंय. आजीच्या हातातून ती कुठे जाणार?" ते म्हणाले, "मावशी, दंड वाढवलेत ते उगाच नाहीत. बाळाचे हजार वेगळे आणि तुम्ही पट्टा लावला नाही त्याचे हजार वेगळे." मांडीवर पोर असताना पट्टा लागणार कुठून? सुशांतने मुकाट्याने भरले. पट्ट्याला शंभर रुपये दंड होता तेव्हा हाच सुशांत म्हणायचा, शंभर टाकू, कोण आवळून घेणार. आता हजार म्हटल्यावर तोही पोलिसाचा झाला.

तिथून पुढे संचिताने तिला परत खुर्चीत घातलं. शिवेवर आलो तेव्हा माझ्या मांडीवर नारळ होता. मी तो ठेवला नाही, गाऱ्हाणंही घातलं नाही. नारळ तसाच घरी आणला.

जाईच्या कपाळावर फोटोत लाल दिसतं म्हणून तुम्ही विचारलंत. ते माझ्या बांगडीचं आहे. आता गेलं.

आणि ग्रुपवर तुम्ही जे चित्र टाकलंत, गाडीतल्या बाळाचं, खाली हात जोडलेले, ते कोणाला उद्देशून होतं हे आमच्या गड्यालासुद्धा कळलं. जानेवारीत संचिताची रजा संपते. ती आणि सुशांत सावंतवाडीला कामावर, तेव्हा सोमवार ते शुक्रवार जाई तुमच्याकडे राहणार की माझ्याकडे हे अजून ठरायचं आहे. ते एका नाक्यावरून ठरू नये, इतकंच माझं म्हणणं.

तुमची,
किशोरी मयेकर


तारकर्ली,
९ डिसेंबर

शर्मिलाविहीणबाई,

तुमचं पत्र पोचलं. अक्षर छान आहे. तेही छान आहे.

कुठली बांगडी, असं तुम्ही विचारलंत. हाताला काहीतरी असतंच बाईच्या. ते आता सोडून द्या.

जाई पंधरा दिवस इथे होती, आता सावंतवाडीला आहे. पंधरा दिवस तुमची खुर्ची आमच्या ओटीवर होती. संचिता तिला गाडीतून खुर्चीसकट उचलून आणते आणि तशीच खाली ठेवते, कारण पोर झोपलेलं असतं. मी मांडी घालून बाजूला बसते आणि वाट बघते. उठली की पहिलं हसू त्या खुर्चीच्या कापडाला. एकदा मी हळूच खुर्चीला पाय लावून भिंतीकडे ढकललं. कोणी बघितलं नाही, पण आमच्या ह्यांनी बघितलं. म्हणाले, "खुर्चेचो कित्याक राग करतंस? तिणां तुझां काय खाल्लां?"

माझं काय खाल्लं ते तुम्हाला माहीत आहे. तुम्ही म्हापशात बसून आमच्या ओटीवर तिला मांडीवर घेऊन बसता.

मग माझ्या डोक्यात एक आलं. खुर्चीच पाहिजे ना, कायद्याला खुर्चीच लागते ना, तर माझी खुर्ची का नको? सावंतवाडीला चितारआळीत बाबली म्हणून आहे, लाकडी खेळणी करतो. आमच्या लग्नातले पाट त्याच्या बापाने रंगवले होते. मी त्याला तुमच्या खुर्चीचा फोटो दाखवला. तो खूश झाला. म्हणाला, "ह्या प्लास्टिकात काय आसा? मी तुका सागवानाची करून देतंय." आणि दिली. लाखेचा तांबडा रंग, पाठीवर दोन पोपट, हातांवर हिरवी वेल, खाली कापडाचे तुकडे जोडून शिवलेली गादी. पट्टे मी स्वतः लावले. आमच्या होडीतली दोन लाईफ जॅकेटं जुनी झाली होती, त्यांचे पट्टे आणि खटके काढून शिवले. माझ्या हाताने शिवले, सुई दोनदा मोडली. विहीणबाई, तुमच्या खुर्चीपेक्षा ती शंभर पटींनी देखणी आहे. बाबलीने दुकानात फोटो लावला आहे.

सुशांतने ती गाडीत ठेवून बघितलीसुद्धा नाही. हात लावून हलवली आणि म्हणाला, "आये, एक धक्को बसलो तर चेडवाच्या आधी ही खुर्चीच उडात." मी म्हटलं, बांधू की दोरीने, तुझा बापूस होडी बांधतो तशी. तो हसला. हसला याचं मला जास्त लागलं. संचिता हसली नाही, तिने पोपटांवरून बोट फिरवलं आणि "बाहुल्यांना होईल" म्हणाली.

आता ती खुर्ची आमच्या खानावळीत ठेवली आहे. पर्यटकांची पोरं तिच्यात बसून भात सांडतात.

दंड आणखी वाढणार म्हणे. ह्यांनी पेपरात वाचलं की गाडीत पोर असलं तर दुप्पट करायचा विचार चालला आहे. करू देत. वेगाने हाकणाऱ्याला करा, पिऊन हाकणाऱ्याला करा. आजीच्या मांडीला कशाला?

नाताळच्या सुट्टीत सगळी इथे येणार आहेत. तुम्ही दोघंही या, असं संचिताने सांगितलंच आहे. मीही सांगते. खोल्या गिऱ्हाइकांनी भरल्या आहेत, पण तुमच्यासाठी एक ठेवली आहे. समुद्राकडची नाही मिळणार.

किशोरी


तारकर्ली,
२८ डिसेंबर

विहीणबाई,

तुम्ही जेवल्याशिवाय गेलात. तिसऱ्यांचं सुकं तसंच राहिलं, शेवटी शिंपल्यांसकट मांजराला घातलं. माझ्या दारातून कोणी उपाशी गेलेलं नाही आजवर.

पण चूक तुमची होती आणि हे मी लिहून देते. धक्क्यावर काय झालं ते तुमच्या बाजूने तुम्हाला वेगळं दिसलं असेल, म्हणून माझ्या बाजूने सांगते. हे पर्यटकांना होडीतून खाडीत नेतात, तेव्हा जॅकेटं वाटायचं काम वीस वर्षं माझं आहे. साहेब असो, शेठ असो, मी खटका लावल्याशिवाय पाय होडीत पडत नाही. "जाकीट नाय तर होडी नाय," हे मी झोपेतही बोलते असं हे म्हणतात. लहानात लहान जॅकेट तीन वर्षांच्या पोराचं आहे. त्याच्याखालचं पोर आम्ही घेत नाही, मग आईबापांनी कितीही तोंड टाकलं तरी.

तुम्ही जाईला घेऊन होडीत चढायला निघालात. मी आडवी आले. तुम्ही म्हणालात, "हांव घट्ट धरतां तिका. म्हज्या हातांतल्यान खंय वतली ती?"

विहीणबाई, खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला.  चार माणसांत तुम्हाला नाही म्हणायची संधी मला देवाने धक्क्यावर आणून दिली. मी मुद्दाम मोठ्याने म्हटलं, "पोरग्या होडयेत येवचा नाय. रूल म्हणजे रूल." गिऱ्हाइकंसुद्धा वळून बघायला लागली. तुमचा चेहरा उतरला तो मी पुरेपूर बघून घेतला.

मग तुम्ही रागावून गेलात. संचिता तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलते. तुमच्याशी तरी बोलते का, ते कळवा.

किशोरी


तारकर्ली,
११ जानेवारी

शर्मिलाताई,

दोन आठवडे तुमचं पत्र नाही. मागच्या पत्रावर उत्तर नाही आलं ते बरोबरच आहे. पोस्टात टाकून परत येताना मलाच ते पत्र परत काढून घ्यावंसं वाटलं होतं.

त्यात मी अर्धंच लिहिलं. धक्क्यावर मी नुसती आडवी आले नव्हते. मी जाईचा हात धरला आणि तुम्ही सोडली नाहीत. मी ओढली, तुम्ही ओढलीत. पायऱ्या ओल्या होत्या, शेवाळ होतं, आणि खाली पाणी. नियम सांगणारी मी, आणि पोराला पायऱ्यांवर ओढत होते. संचिता खाली उतरली आणि तिने दोघींच्या हातांतून तिला काढून घेतलं. ती रागावली की शुद्ध बोलते, तुम्हाला माहीतच आहे. म्हणाली, "तुम्ही दोघी जाई पडू नये म्हणून धरत नाही. दुसरीला मिळू नये म्हणून धरता."

ते ऐकून तुम्ही निघालात. मी मांजराला सुकं घालत बसले. त्या दिवसापासून तुमचं ते वाक्य माझ्या कानात आहे, माझ्या हातांतून कुठे जाईल ती. शब्द तुमचे होते, पण आवाज माझा येतो. इन्सुलीला साहेबांना मी हेच सांगत होते, आणि सांगत होते तेव्हा जाई रडत होती.

बांगडी नव्हती ताई. सुशांतने ब्रेक मारला तेव्हा ती माझ्या हातांतून गेली. मी घट्टच धरलं होतं. तरी गेली. कपाळ पुढे डॅशबोर्डला टेकलं आणि मी तिला ओढून घेतलं, इतक्यात सगळं झालं. सुशांत पोलिसाकडे बघत होता, संचिता नुकती जागी होत होती. मी बांगडी म्हटलं आणि सगळ्यांनी ऐकून घेतलं. तुम्ही सोडून. निघताना पोराला बोचतील म्हणून माझ्या बांगड्या तुम्हीच काढून तुमच्या फळीवर ठेवायला लावल्या होत्या. अजून त्या तुमच्याकडेच आहेत.

म्हणजे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. संचिताला एक शब्द बोलला असतात तर जाई माझ्या दारात परत आली नसती, आणि सोमवार ते शुक्रवार तुमची झाली असती. तुम्ही बोलला नाहीत. मला विचारलंत फक्त, कुठली बांगडी म्हणून. मी तुमच्या जागी असते तर त्याच दिवशी ग्रुपवर टाकलं असतं. तुमच्या अक्षराचा, तुमच्या खुर्चीचा, तुमच्याकडच्या पहिल्या हसण्याचा मला हेवा वाटला होता, तो कसाबसा गिळत होते. आता हा आणखी एक दिलात.

गेल्या आठवड्यात मी सावंतवाडीला जाऊन संचिताला खरं सांगितलं.  ती म्हणाली, "मला वाटलंच होतं." आणि चहा ठेवला.

आता तुम्हाला कळलं असेलच. जाई तुमच्याकडे नाही आणि माझ्याकडेही नाही. सावंतवाडीला तळ्याजवळ रुक्मिणीबाई म्हणून पाळणाघर चालवतात, तिकडे ती जायला लागली. आपल्याला रविवार, एक तुम्हाला, एक मला. इन्सुलीच्या साहेबांनी आपल्याला दोन हजारांत सोडलं होतं. सुनेने दंड वाढवला. मला कितीही वाईट वाटलं तरी तो जास्त आहे असं म्हणवत नाही.

मी मुद्दाम जाऊन रुक्मिणीबाईंना बघून आले. जाड बाई आहे, गोरी, हसरी. जाई पहिल्याच दिवशी तिच्याकडे झेपावली. तिच्या मांडीवर बसून माझ्याकडे बघत होती, पाहुणीकडे बघावं तशी. "आजये, भियाव नको, ती हयसर बरी रमात," असं रुक्मिणीबाई मला म्हणाली, आणि मला तिच्या तोंडावर काही तरी फेकून मारावंसं वाटलं. तुम्हीही एकदा जाऊन या. आता आपल्याला दोघींना मिळून तिचा हेवा करायचा आहे, एकटीला मला झेपायचा नाही.

पहिला रविवार माझा होता, तो परवा झाला. सकाळी सुशांत तिला घेऊन आला. मी शिवेवर नारळ घेऊन उभी होते, चालत गेले होते. गाडी थांबवली, पण तिला बाहेर काढा असं म्हटलं नाही. ती खुर्चीत झोपली होती, पट्टे छातीवर. मी नारळ ठेवला, गाऱ्हाणं घातलं. देवाला सांगितलं, हिची मांडी ही अशी आहे, दुसऱ्या आजीने दिलेली आहे, मान्य करून घे. मग मी मागच्या सीटवर तिच्या बाजूला बसले आणि माझा पट्टा लावला. त्याचा खटका आमच्या जॅकेटांच्या खटक्यासारखाच लागतो.

संध्याकाळी ती परत निघाली तेव्हा मी नेहमीसारखी दारात नव्हते. फाटक लावायला म्हणून गाडीच्या मागे गेले होते. गाडी सुटली आणि मी सहज वर बघितलं, तर मागच्या काचेतून जाई माझ्याकडे बघत होती. खुर्चीचं तोंड मागे आहे ना. मी नोव्हेंबरात तुमच्यावर त्यासाठी एवढी चिडले, पण तोंड मागे म्हणजे येताना पाठ इकडे, आणि जाताना तोंड इकडे, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. माडांच्या वळणापर्यंत ती बघत होती. मी हात हलवला नाही, हलले तर दिसायची बंद होईल असं वाटलं.

हे मी तुम्हाला सांगणार नव्हते. माझ्यापाशीच ठेवायचं म्हणून दोन दिवस गप्प बसले. पण पुढचा रविवार तुमचा आहे. गाडी निघताना दारात उभ्या राहू नका, तिथून तुम्हाला नुसतं सुशांतचं कोपर दिसतं. मागे या, फाटकापर्यंत, आणि तिथेच थांबा.

तुमची,
किशोरी

बांगड्या राहू देत तिकडेच. मी आले की घेईन.